कऱ्हेच्या काठानं, वाऱ्याच्या तोंडी: सासवड–मोरगाव–लोणी भापकर सायकल मार्गाचा प्रकरण अभ्यास

जुलैतल्या एका रविवारी आम्ही सहा जण पहाटे साडेपाचला कोंढव्यातून सायकलींवर निघालो आणि संध्याकाळी पावणेसातला सासवडमध्ये त्याच सायकली एका टेम्पोत चढवल्या. ठरलेल्या साधारण १४५ किलोमीटरांपैकी १२० झाले होते. बोपदेव घाट उतरून घरी जाण्याचे शेवटचे पंचवीस राहिले. कुणी पडलं नाही, कुणाची सायकल मोडली नाही, पाऊसही अंग भिजण्यापुरता लागला नाही. तरी बेत फसला. मार्ग मी आखला होता, त्यामुळे तो कुठे फसला हे नीट मांडणं माझं काम आहे. शिवाय हा मार्ग मला मनापासून आवडतो. पुण्याहून एका दिवसात इतक्या जुन्या देवळांपाशी नेणारा, मोकळ्या माळाचा, हलक्या चढउतारांचा दुसरा रस्ता मला माहीत नाही. चुकीच्या पद्धतीनं केल्यामुळे लोकांच्या मनातून तो उतरावा असं वाटत नाही, म्हणूनही हे लिहितो आहे.

माणसं आणि बेत

सहा जणांतले दोघे मुरलेले. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, केलेले, घाट चढताना गप्पा मारू शकणारे. मी मधला. आमचे सर शाळेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, वेग बेताचा पण बैठक पक्की. आणि एक नवरा-बायको, त्यांना आम्ही दादा-वहिनीच म्हणतो. त्यांनी तोवर एका दिवसात केलेलं सर्वात मोठं अंतर ऐंशी किलोमीटर होतं.

बेत असा होता: कोंढवा, बोपदेव घाट, सासवड, जेजुरी, पांडेश्वर, मोरगाव, लोणी भापकर आणि त्याच रस्त्यानं परत. चार ठिकाणी थांबायचं, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. दुपारी चारला घरी. कागदावर हे अगदी सरळ दिसत होतं.

महिनाही मी विचार करून निवडला होता, आणि ती निवड आजही मला चुकीची वाटत नाही. सह्याद्रीच्या कड्याला पाऊस झोडपत असतो तेव्हा पूर्वेकडच्या कऱ्हेपठारावर ढग नुसते वरून जातात. पठार पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे जुलैत इथे ऊन नसतं, हवा थंड असते, माळ नुकता हिरवा व्हायला लागलेला असतो आणि मुसळधार पाऊस क्वचितच गाठतो. याच कारणानं मेंढपाळ या दिवसांत मेंढ्या घेऊन कोरड्या पूर्व भागात असतात. मेंढीला ओल सोसत नाही. त्या दिवशी आम्हाला वाटेत तीन वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, भेटले. घोड्यावर संसार, मागे कुत्री आणि सगळा रस्ता व्यापून चाललेली मेंढरं. अशा वेळी घंटी वाजवू नये, उतरून उभं राहावं. मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत निघून जातात आणि ते दोन मिनिटं बघण्यासारखं दुसरं काही नसतं.

आषाढी वारी नुकतीच पुढे गेली होती, हाही एक विचार. माउलींच्या पालखीचे सासवडला दोन मुक्काम असतात, मग शिवरी, साकुर्डे करत ती जेजुरीला पोचते. त्या दिवसांत या रस्त्यावर सायकल घालण्यात अर्थ नाही. पालखी गेल्यानंतरच्या आठवड्यांत मात्र रस्ता ओळखू येणार नाही इतका शांत असतो.

मार्ग नदीनं आखलेला आहे

नकाशावर हा रस्ता पाहिला की ठिकाणं एका दोरीत ओवल्यासारखी दिसतात. ती दोरी म्हणजे कऱ्हा. गराड्याच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते, सासवडला येते, जेजुरीजवळून जाते, नाझऱ्याच्या धरणात थबकते, पांडेश्वर आणि मोरगाव करत बारामतीकडे उतरते आणि शेवटी नीरेला मिळते. पांडवांनी पांडेश्वरला यज्ञ मांडला, पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी ब्रह्मदेवाचा करा, म्हणजे कमंडलू, लवंडला आणि नदी झाली, अशी आख्यायिका या भागात सांगतात. कोरड्या मुलखातल्या माणसांनी नदीच्या नावात पाण्याचं भांडं पाहावं, हे मला फार खरं वाटतं.

देवळं इथेच का, याचं उत्तरही नदीत आहे. पठारावर पाऊस कमी. वस्ती टिकायची तर नदीच्या काठाला, आणि वस्ती टिकली तरच देऊळ टिकणार. सासवडला कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वर आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यातून वर चढतात. त्याच गावात सोपानकाकांची समाधी आहे, पुरंदऱ्यांचा वाडा आहे आणि भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथेच वारला. थोडं बाजूला कोडीत, आचार्य अत्र्यांचं जन्मगाव. मोरगावचा मयूरेश्वर कऱ्हेकाठी. सोमवती अमावास्येला जेजुरीहून खंडोबाची पालखी स्नानाला निघते तीही कऱ्हेलाच. थोडक्यात, आम्ही एका नदीच्या कडेनं खाली जाणार होतो.

'खाली' हा शब्द मी तेव्हा पुरेसा ऐकला नाही. सासवड ते मोरगाव नदी शंभराहून अधिक मीटर उतरते. पस्तीस किलोमीटरांत पसरलेला हा उतार डोळ्यांना दिसतच नाही. रस्ता आपला लाटेसारखा वर-खाली होत राहतो, आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा किंचित खाली संपते. जाताना पाय हलके का वाटतात हे कळत नाही. माणूस त्याचं श्रेय स्वतःला देतो.

जाताना

बोपदेव घाट पहाटेच करावा. सुरुवात सोपी, शेवटचा टप्पा मात्र उभा आहे. दादा-वहिनी तिथे उतरून चालले, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. दिवे घाट हा दुसरा पर्याय. चढ सरळ, खाली वडकीजवळ मस्तानी तलाव दिसतो. पण तो पालखी महामार्ग आहे, अवजड गाड्या तिथूनच जातात. बोपदेवला ट्रक कमी; मात्र पुण्यात कामाला येणाऱ्या दुचाकी सातनंतर वाढतात. माथ्यावर ढग टेकलेले होते. पुढचा माणूस वीस फुटांवर नाहीसा होत होता. मागचे लाल दिवे लावून आम्ही भिवरी, चांबळी करत सासवडला उतरलो तेव्हा पावणेआठ झाले होते. ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं आधी.

संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून केळी आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. घाट पार झाल्याचं समाधान होतं, पाठीवर वारा होता. सासवडपासून जेजुरीपर्यंतचे सतरा किलोमीटर आम्ही पस्तीस मिनिटांत गेलो. वहिनी म्हणाल्या, "मी इतक्या वेगानं सपाटीला कधीच चालवली नव्हती." मी त्यांचं अभिनंदन केलं. त्याच क्षणी मला थांबून वाऱ्याकडे पाहायला हवं होतं.

जेजुरीत रविवार. खंडोबाचा वार. हे मला माहीत असूनही मी वेळापत्रकात धरलं नव्हतं. गड चढायचा नाही, पायथ्याशी नमस्कार करून निघायचं असं ठरलं होतं, पण पायथ्यापर्यंत पोचायलाच गर्दीतून सायकली हातात धरून न्याव्या लागल्या. रस्ता पिवळा. आदल्या रात्रीच्या भुरभुरीनं भंडारा ओला होऊन डांबरावर लेपासारखा बसला होता. चाकांनी तो उचलला आणि ब्रेकच्या रबरांवर, मागच्या गिअरच्या दात्यांत, चेनच्या प्रत्येक कडीत भरला. पुढच्या वीस किलोमीटरांत तो वाळला आणि चेन करकरायला लागली. मोरगावात एका गॅरेजवाल्याकडून चिंधी आणि तेल घेऊन आम्ही सहाही चेना पुसल्या. चिंधी हळदीनं पिवळीजर्द. सर ती घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "प्रसाद आहे, टाकायचा नाही." या रस्त्यावर चेनच्या तेलाची छोटी बाटली सोबत हवीच.

जेजुरी सोडल्यावर औद्योगिक वसाहतीच्या गाड्यांचा थोडा तुकडा लागतो, तो संपला की रस्ता मोकळा. उजवी-डावीकडे बाजरीची नुकती पेर, मधेच सीताफळाच्या बागा. पुरंदरचं अंजीर प्रसिद्ध आहे, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सायकलवाल्यानं या दिवसांत वाट पाहावी ती सीताफळाची. पुढे श्रावण-भाद्रपदात रस्त्याकडेला टोपल्या लागतात.

पांडेश्वरचं देऊळ रस्ता सोडून थोडं आत, नदीच्या काठाला आहे. दगडाच्या देवळांची सवय झालेल्या डोळ्यांना ते वेगळं दिसतं, कारण त्यात विटा आहेत. जुन्या, रुंद, पातळ विटा. वारा-पाण्यानं त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. मी एका विटेवर हात ठेवला तर तळवा सबंध मावला आणि तरी वीट उरली. दगडाच्या मुलखात कुणाला विटेचं शिखर बांधावंसं वाटलं, माती कुठून आणली असेल, नदीच्याच गाळाची का, असं बोलत आम्ही चाळीस मिनिटं काढली. वेळापत्रकात पंधरा होती.

मोरगावला साडेअकरा. चार कोपऱ्यांवर मनोरे असलेलं, लांबून गढीसारखं दिसणारं देऊळ आणि गणपतीसमोर बसलेला भलामोठा नंदी. दर्शनाची रांग मोठी होती, आम्ही बाहेरूनच हात जोडले. इथे आमच्यातला एक मुरलेला गडी म्हणाला, "सरासरी चोवीस पडतीय. लोणी तेरा किलोमीटर आहे. आत्ता येऊ." सगळ्यांनी होकार भरला. मीही भरला.

लोणी भापकर पाहिल्याचं मला दुःख नाही. हे गाव पुण्यापासून फार लांब नसूनही कितीतरी पुणेकरांनी पाहिलेलं नाही. मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ, त्याच्यासमोर बांधीव पुष्करणी आणि यज्ञवराह. दगडाचा एक वराह उभा आहे आणि त्याच्या अंगावर झूल घालावी तशा ओळीनं विष्णूच्या लहान लहान मूर्ती कोरल्या आहेत. बोटभर उंचीच्या. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकीचे हात वेगळे दिसतात, काही झिजून नुसते फुगवटे उरले आहेत. शिवाच्या देवळाच्या आवारात हा विष्णूचा अवतार पाहून मूळ देऊळ कुणाचं होतं, असा प्रश्न सरांनी काढला, आणि पुष्करणीच्या काठावर बसून आम्ही त्यावर बराच वेळ वाद घातला. डबे तिथेच उघडले. निघताना एक वाजला होता. बहात्तर-पंचाहत्तर किलोमीटर झाले होते आणि प्रत्येक जण ताजातवाना होता.

परतताना

गावाबाहेर पडून पश्चिमेला तोंड केलं आणि वारा अंगावर आला. सकाळपासून तो होताच. पाठीमागून येणारा वारा ऐकू येत नाही, एवढाच फरक. सकाळी वेग आणि वारा जवळपास सारखे असल्यानं आमच्याभोवती शांतता होती आणि आम्ही तिला निवांत हवा समजलो. आता कानात सतत घोंघावणं, बाजरीची पात सगळी आमच्याकडे झुकलेली.

मोरगावच्या अलीकडे एका विहिरीपाशी पाणी भरायला थांबलो. मोटार चालू करून देणारे बाबा म्हणाले, "आत्ता वाऱ्याच्या तोंडाला कशापायी निघालाय पोरांनो? ह्यो दिस मावळंपतोर पडत न्हाय. सकाळचं जायचं हिकडनं." मी मान हलवली. त्या एका वाक्यात माझ्या आखणीतली सगळी चूक होती, आणि ती त्यांनी न विचारता सांगितली.

थोडं गणित मांडतो, कारण ते न मांडल्यामुळेच आम्ही अडकलो. त्या दिवशी अंदाजात पश्चिमेचा वारा ताशी वीसच्या आसपास होता. पाठीवर वारा घेऊन ताशी पंचवीसनं जाताना छातीवर येणारी हवा फक्त ताशी पाचची. तोच वारा तोंडावर घेऊन ताशी पंधरानं जाताना ती पस्तीसची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. पाच आणि पस्तीस यांत सातपट फरक, म्हणजे अडथळा एकोणपन्नास पट. वेग दहानं कमी करूनही. त्यात नदीच्या उलट जाताना तो न दिसणारा चढ. सकाळी प्रत्येक लाट किंचित खाली संपत होती, आता प्रत्येक लाट किंचित वर.

पण नुसत्या वाऱ्यानं बेत मोडला असं म्हणणं अर्धवट ठरेल. त्याहून मोठी चूक आम्ही चालवण्यात केली. समोरचा वारा असताना गटानं एकामागोमाग चिकटून जायचं, पुढच्याच्या आडोशानं मागच्यांचे कष्ट बरेच कमी होतात, पुढचा माणूस दोन-तीन मिनिटांनी बाजूला होऊन मागे जातो. हे सगळ्यांना माहीत होतं. आमचे दोघे मुरलेले पुढे झाले, भलेपणानं झाले, पण त्यांच्या पायांना जो वेग सोपा होता तो वहिनींना झेपेना. प्रत्येक चढाच्या माथ्यावर त्या आणि दादा दहा-पंधरा फूट मागे पडत. एकदा आडोसा सुटला की माणूस एकटाच पूर्ण वारा खातो आणि ती फट मग भरून निघत नाही. पुढे चौघे ताशी अठरानं, मागे दोघे ताशी अकरानं. आम्ही पुढे जाऊन थांबायचो, ते येऊन पोचायचे आणि विश्रांती संपलेले आम्ही लगेच निघायचो. म्हणजे ज्यांना थांबण्याची गरज होती त्यांनाच थांबायला मिळत नव्हतं. दोन तास हे असं चाललं आणि आमच्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

साडेचारला नाझऱ्याच्या धरणाजवळ दादांच्या मांडीत गोळा आला. पेटक्यानं पाय सरळ होईना. त्यांनी आणि वहिनींनी सकाळपासून पाणी पुष्कळ प्यायलं होतं, मीठ मात्र पुरेसं पोटात गेलं नव्हतं. थंड ढगाळ हवेत घाम वाऱ्यानंच वाळतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे मीठ किती गेलं ते कळत नाही. सरांनी डब्यातल्या लोणच्याची फोड दोघांना चोखायला दिली, मांडी चोळली, ओआरएसची पाकिटं दोन बाटल्यांत मिसळली. अर्ध्या तासानं निघालो. या वेळी सर म्हणाले, "पुढं वहिनी राहतील. त्यांच्या वेगाला सगळे."

वहिनी पुढे म्हणजे वाऱ्यात नव्हे. त्यांच्या पुढे एक मुरलेला गडी, आणि त्यांनी "हळू" म्हटलं की त्यानं हळू व्हायचं. जेजुरी ते सासवड आम्ही पहिल्यांदाच सहाही जण एकत्र आलो. ताशी तेरानं. पण आलो. शिवरीजवळ यमाईच्या देवळाबाहेर चहा घेतला तेव्हा वहिनी हसत होत्या.

सासवडला सहा वाजून गेले होते. बोपदेवचा माथा ढगात असणार हे सकाळीच पाहिलं होतं. ओला रस्ता, धुकं, मावळता उजेड, थकलेले हात आणि त्या उभ्या उताराला घरी परतणाऱ्या दुचाकींची गर्दी. सायकल उतारावर हातांनी थांबवायची असते, आणि बारा तास हँडल धरून आखडलेल्या बोटांत ती ताकद राहत नाही. ब्रेकच्या रबरांत भंडाऱ्याची कचकच अजून होतीच. दोघा मुरलेल्यांना उतरायचं होतं. मी नाही म्हणालो, आणि त्या दिवसातला माझा हा एकच निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो. ओळखीतून एक टेम्पो मिळाला.

चूक कुठे होती

घरी आल्यावर मी चढाचा आलेख पुन्हा पाहिला. मोबाइलवर एकूण चढ किती मीटर एवढंच मी बघितलं होतं. तो परतीत किती आहे हे वेगळं काढलं नव्हतं. घाट वगळून पाहिलं तर बहुतेक चढ परतीच्या वाटेवर होता. वाऱ्याचा अंदाज मी पाऊस पडेल का एवढ्यापुरता उघडला होता, बाणाची दिशा पाहिलीच नाही. पाठीच्या वाऱ्यातली सरासरी धरून मोरगावला पुढे जायचं ठरवलं. आणि देवळांना मी थांबे समजलो. इतक्या जुन्या जागी पंधरा मिनिटं पुरत नाहीत. पुरावीत अशी इच्छाही नसावी. देवळं बघायला जायचं आणि घड्याळ बघत परतायचं, तर मग नुसते किलोमीटरच करायचे असतील तर सोलापूर रस्ता काय वाईट?

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही पर्याय तपासले. पहिला साधा: मोरगावऐवजी पांडेश्वरहून परत फिरायचं, म्हणजे शंभरच्या आसपास. नवख्या गटाला मी हेच सांगेन. पण लोणी सुटतं. दुसरा: जेजुरीहून उत्तरेला बेलसर, वाघापूर करत शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचनला निघायचं. या वाटेला जोडून माळशिरसजवळचं भुलेश्वर होतं. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याच्या माथ्यावरचं हे यादवकालीन देऊळ, आत स्त्रीरूपातला गणेश. पण उरुळीपासून पुण्यापर्यंत महामार्गाच्या वाहतुकीत, पश्चिमेकडेच, म्हणजे पुन्हा वाऱ्याच्या तोंडी तीस किलोमीटर. संध्याकाळी तिथे नवख्यांना घेऊन जायला माझं मन तयार नाही. तिसरा: हिवाळ्यात करायचं. वारा मंद, पण माळ पिवळा, धूळ, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या जोडट्रॉल्या. शिवाय आम्हाला हिरवा माळच हवा होता.

चौथा पर्याय विहिरीवरच्या बाबांनी आधीच सांगितला होता.

उलटा मार्ग

ऑगस्टच्या शेवटी, मंगळवारी, चतुर्थी नाही ना हे कालनिर्णयमध्ये बघून, आम्ही तेच सहा जण पुन्हा गेलो. पहाटे पावणेचारला सायकली छोट्या हत्तीत घातल्या. उभ्या, दोन सायकलींच्या मध्ये एक जुनी गोधडी, पुढची चाकं सुतळीनं बांधलेली, गिअरची बाजू कुठेही टेकणार नाही अशी. आम्ही मागून एका गाडीत. सहाला लोणी भापकरला उतरलो.

पुष्करणीत आभाळ उतरलं होतं, पाणी आरशासारखं स्थिर. पावसाळ्यातही रात्री जमीन थंड झाल्यावर खालचा वारा बसतो आणि दिवस तापला की पुन्हा सुटतो, हे त्या स्थिर पाण्यात डोळ्यांनी दिसलं. वराहाच्या अंगावर तिरका उजेड होता आणि जुलैत दुपारी न दिसलेल्या बारीक मूर्तींच्या सावल्या पडल्या होत्या. सरांनी वहीत रेखाटन केलं. या वेळी वेळापत्रकात तासभर होता.

साडेआठला मोरगाव, रांग नाही, आत जाऊन शांतपणे दर्शन. त्यानंतर पांडेश्वर. वारा नवाच्या सुमारास उठला आणि जेजुरीपर्यंत चांगला वाढला, पण तोवर पायांत फक्त तीस-पस्तीस किलोमीटर होते आणि गट पहिल्यापासून वहिनींच्या वेगानं चालला होता. दर पाऊण तासाला खाणं, बाटलीत ओआरएस, भाकरीबरोबर खारातली मिरची. जेजुरीला मंगळवारी सकाळी गर्दी इतकी कमी होती की सायकली एका ओळखीच्या दुकानात लावून, क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या लोखंडी पट्टीचे, बूट काढून, आम्ही अनवाणी गड चढलो. क्लीट घालून दगडी पायऱ्यांवर जाऊ नये. लोखंड घासलं की पाय सरकतो आणि उतरताना तर फारच. वरून नाझऱ्याचं पाणी आणि आम्ही आलो तो सगळा माळ दिसत होता. ज्या रस्त्यानं जुलैत तीन तास झुंजलो तो एका नजरेत मावला.

जेजुरी ते सासवड महामार्ग टाळून बेलसर-खानवडी बाजूच्या गावरस्त्यांनी आलो. अंतर थोडं वाढतं, पण झाडं आणि घरं वाऱ्याला आडोसा देतात. गतिरोधक मात्र न रंगवलेले आहेत, पुढच्यानं हात वर करून ओरडायचं. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. प्रस्तावित पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांची नावं आहेत त्यांत तेही आहे. रस्त्याकडेला अंजिराच्या बागा बघत चालवताना हे डोक्यातून जात नाही. या वाटा अशाच राहतील असं धरून चालता येणार नाही. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी लवकर बघाव्यात.

दुपारी दोनला संगमेश्वर. एकूण साठ-पासष्ट किलोमीटर. छोटा हत्ती सासवडला बोलावून ठेवला होता. ढग पाहून ज्यांना वाटेल त्यांनी बोपदेव उतरावा असं ठरलं होतं. घाट स्वच्छ होता, दिवस उजेडी होता, ब्रेक पुसलेले होते. चौघे उतरले. दादा आणि सर टेम्पोत बसले, कारण त्यांना तसं वाटलं, आणि कुणी काही म्हणालं नाही.

त्याआधी आम्ही बराच वेळ पायऱ्यांवर बसलो. कऱ्हेला जुलैपेक्षा पाणी जास्त होतं, संगमापाशी गढूळ आणि स्वच्छ अशा दोन रेघा थोडं अंतर वेगळ्या वाहत होत्या. वहिनींनी विचारलं, "आपण खालून वर आलो, मग इथंच का थांबायचं? वर कुठवर आहे ही?" गराड्यापर्यंत, मी म्हणालो. तेवढा तुकडा अजून राहिला आहे. वहिनींनी नकाशा स्वतःच्या मोबाइलवर उघडला, वाऱ्याचा बाण पाहिला आणि दिवस विचारायला लागल्या.